मदत हवी आहे: वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावूनही गाडीचं पुढचं तोंड वरच

मंडळी, पिकअपला कॅम्पर ट्रेलर जोडलाय, तोही वेट डिस्ट्रिब्युशन हिचने (दांडीवरचा भार स्प्रिंग बारच्या जोराने पुढच्या चाकांकडेही वाटणारी जोडणी), सामानासकट १५०० किलो भरतो, सिन्नर रोडच्या वजनकाट्यावर नेऊन बघितलं तर दांडीवर (ट्रेलरचा गाडीला जोडायचा पुढचा भाग) १९० किलो येतात, म्हणजे एकूण वजनाच्या १३ टक्क्यांच्या आत, तिथे काही गडबड वाटत नाही. पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची अशी: ट्रेलर नसताना ८९० मिमी, नुसता जोडला की ९२५, आणि स्प्रिंग बार ताणले तरी ९१५ च्या खाली येतच नाही. निदान निम्मा फरक तरी भरून निघायला हवा ना! स्टिअरिंग हलकं लागतं, असं घेऊन कसारा घाट उतरायची हिंमत होत नाही, सोबत घरचे असतात.

बार ताणून धरणाऱ्या साखळीची एक कडी कमी करून झाली, बार वाकतो पण पुढे वजन जात नाही. मोजमाप सपाट काँक्रीटवर, पाण्याची टाकी भरून, टायरची हवा बरोबर. बॉलची (ज्यावर ट्रेलर अडकतो तो गोळा) उंची जुळवलेली आहे, ट्रेलर समतल उभा राहतो. बॅटरी आणि सिलेंडर ट्रेलरमध्ये पुढेच बसवलेत, ते हलवता येणार नाहीत. बार ट्रेलरच्या वजनाला पुरेसे आहेत, रिसीव्हरही (गाडीच्या मागे हिच बसवायची जागा) कंपनीचाच.

आता हेडचा (हिचचा बार बसतात तो भाग) कोन मागे झुकवायला आत आणखी एक वॉशर टाकू, की कोन तसाच ठेवून साखळी अजून एक कडी आखडू? आधी काय करायचं?