बाजारातल्या कचऱ्याच्या ड्रमला आतून कोणती पिशवी लावावी?

प्रश्न : ग्रामपंचायत सदस्या, दारव्हा तालुका
आमच्या आठवडी बाजारात कचऱ्यासाठी २०० लिटरचे जुने लोखंडी ड्रम उघड्यावर ठेवले आहेत. त्यांना लावलेली पातळ काळी पिशवी दुपारपर्यंत काठावरून घसरून आत जाते, आणि भाजीच्या ओल्या कचऱ्याने तळाशी फाटली की घाण पाणी सफाई कामगारांच्या अंगावर सांडते. हे मला अजिबात पटत नाही. पिशवी कोणत्या मापाची आणि कशाची घ्यावी?

उत्तर : पॅकिंग साहित्याचे दुकानदार, कारंजा
ताई, पिशवी घसरते ती माप अपुरे पडल्यामुळे. पिशवीची रुंदी ती सपाट ठेवून मोजतात, म्हणून ड्रमच्या घेराच्या निम्म्याहून थोडी जास्त रुंदी हवी. तुमच्या ड्रमचा घेर साधारण ७२ इंच असेल, तर ३८ इंच रुंदी घ्यावी. लांबी मात्र ड्रमची ३५ इंच उंची, तळाचे १२ इंच आणि काठावर दुमडायला ६ इंच धरून ५३ इंचांच्या आसपास येते. हाताळताना चुरचुर वाजणारी एचडीपीई प्लास्टिकची पिशवी एकदा चिरली की उभी फाटत जाते. एलडीपीई या मऊ प्लास्टिकची पिशवी ताणली जाते, पण लवकर फाटत नाही. दुकानात जाडी गेजमध्ये सांगतात, २०० गेज म्हणजे ५० मायक्रॉन. ओझ्यासाठी त्याहून पातळ घेऊ नये.

उत्तर : शेतकरी, पुसद तालुका
माप बरोबर आहे, पण ओल्या कचऱ्याला प्लास्टिक लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओला आणि सुका कचरा वेगळाच ठेवायला हवा, आणि नाडेप खताची, म्हणजे विटांच्या टाक्यात कचरा कुजवून खत करण्याची, पद्धत तर आपल्या पुसदच्याच पांढरीपांडे यांनी घालून दिलेली आहे. ओल्याच्या ड्रमात तळाशी टोपलीभर तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार (भुसा) टाकावे. ते पाणी शोषते आणि कचऱ्यासोबत थेट टाक्यात जाऊन कुजते. सुक्या कचऱ्याला सरकी ढेपेची रिकामी पोती उत्तम, काचेच्या तुकड्यानेही ती सहसा फाटत नाहीत. कीटकनाशकांचे डबे मात्र यांपैकी कशातही टाकू देऊ नका.

प्रश्नकर्ती
भाऊ, ओल्यासाठी कंपोस्टेबल, म्हणजे कुजून जाणाऱ्या, पिशव्या चालतील का?

उत्तर : दुकानदार, कारंजा
चालतील, पण ओल आणि उन्हाने त्या लवकर कमजोर होतात, त्यामुळे बाजार उठताच त्याच संध्याकाळी ड्रम रिकामा करावा लागेल. साठाही करू नका. आणखी एक, ड्रमच्या तळाजवळ बाजूने चार छिद्रे पाडून घ्या. हवा आत शिरली की भरलेली पिशवी ड्रमला चिकटून बसत नाही, सरळ वर येते.