शब्दचर्चा : बुर्सास्पोर, ‘हाफ्ता’ आणि आपल्याच घरातले परके शब्द

अनुवादिनी

तुर्कस्तानातल्या बुर्सास्पोर या फुटबॉल क्लबचा इतिहास तुर्कीतून मराठीत आणायचं काम चालू आहे. निम्मे शब्द ओळखीचे वाटतात आणि तिथेच पाय घसरतो. उदाहरणार्थ ‘34. हाफ्तादा शाम्पियोन ओल्दू’. ‘34 व्या हप्त्यात विजेता झाला’ हे वाचून कुणालाही पतपेढी आठवेल. सगळ्यात जास्त अडलंय ते ‘आनादोलू कुल्युब्यू’पाशी. ‘प्रांतीय क्लब’ लिहू का? आणि नावातल्या ‘स्पोर’चं काय करायचं?

फारसीकोश

हाफ्ता म्हणजे आठवडा, मूळ फारसी ‘हफ्ता’, सात दिवसांचा. आपल्याकडे तो आठवड्याच्या वसुलीवरून कर्जाचा हप्ता झाला, पुढे नाक्यावरचा हफ्ताही झाला. तुर्कीत तो आठवडाच राहिला, पण फुटबॉलच्या पानावर त्याचा अर्थ ‘लीगची फेरी’. 18 संघ, प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक, म्हणजे 17 गुणिले 2, अशा 34 फेऱ्या. हिवाळ्याच्या सुट्टीत लीग थांबते, तेव्हा 17 व्या आणि 18 व्या हाफ्त्यामध्ये काही आठवडे जातात. म्हणून ‘आठवडा’ लिहिलंत तर हिशेब चुकेल. ‘34 व्या फेरीत’ किंवा ‘शेवटच्या फेरीत’ लिहा.

मैदानी

‘प्रांतीय’ नको. मराठीत त्याला राजकारणाचा वास आहे, प्रांतीयवाद वगैरे. तुर्की शब्द ‘आनादोलू’ म्हणजे अनातोलिया. मूळ ग्रीक, अर्थ सूर्योदयाची दिशा, पूर्व. पण फुटबॉलमध्ये तो भूगोलाचा शब्द नाहीच. पुरावा असा, की फेनेरबाह्चेचं मैदान इस्तंबूलमधल्या काडिकोय भागात आहे आणि काडिकोय बॉस्फरसच्या आशियाई, म्हणजे नकाशावर अनातोलियाच्याच बाजूला आहे. तरी फेनेरबाह्चेला कुणी ‘आनादोलू संघ’ म्हणत नाही. ‘आनादोलू’ म्हणजे इस्तंबूलबाहेरचा. त्यात थोडा अभिमान असतो, थोडी तक्रारही.

राष्ट्रीय लीग 1959 ला सुरू झाली. इस्तंबूलबाहेरचा पहिला विजेता ट्राबझोनस्पोर, 1975-76 ला. दुसरा बुर्सास्पोर, 2009-10 ला. मधली 34 वर्षं ट्राबझोन सोडलं तर बाहेरच्या कुणाला करंडक मिळाला नाही. या शब्दाचं वजन कळायला एवढं पुरे.

मोडीवाचक

जुन्या मराठी वृत्तपत्रांत यासाठी ‘मोफसल’ होता : मुंबईबाहेरचा सगळा मुलूख. अर्थ तंतोतंत बसतो, पण आज वाचणाऱ्याला कळणार नाही. ‘इस्तंबूलबाहेरचा क्लब’ असं सरळ लिहावं आणि पहिल्या वेळी ‘अनातोलियन’ जोडावं.

जाता जाता : ‘प्रांत’ या अर्थी जुना तुर्की शब्द ‘विलायेत’, म्हणजे आपली विलायत. त्यांचा घरचा प्रांत आपल्याकडे सातासमुद्रापार गेला. ज्या विलायेतचं मुख्य ठिकाण बुर्सा होतं तिचं नाव ‘ह्युदावेंदिग्यार’, सुलतान पहिल्या मुरादच्या किताबावरून. आपल्या कागदपत्रांतल्या ‘खुदावंद’चंच हे घराणं. आणि कुणी विचारण्याआधीच : बुर्साचा बुरशीशी संबंध नाही. ते बिथिनियाच्या प्रुसियास राजाच्या ‘प्रुसा’वरून आलंय.

अनुवादिनी

‘इस्तंबूलबाहेरचा’ घेते. आता स्थापनेचा परिच्छेद. 1 जून 1963 ला पाच हौशी क्लब एकत्र येऊन बुर्सास्पोर झाला : आजार इद्मानयुर्दू, आकिन्स्पोर, चेलिक्स्पोर, इस्तिक्लाल, पिनार्स्पोर. नावांचे अर्थ द्यावेत का? ‘इद्मानयुर्दू’ला तर काही सुचतच नाही.

तालीमवाला

कोल्हापूरच्या वाचकाला विचारा, एका क्षणात सुचेल. इद्मान हा मूळचा अरबी शब्द, अर्थ सराव, व्यायाम, अंग मोडेपर्यंत केलेली सवय. युर्त म्हणजे ठिकाण, वसतिस्थान. ‘युर्दू’ हे त्याचं ‘अमक्याचं’ असा संबंध दाखवणारं रूप. म्हणजे सरावाचं घर. म्हणजे तालीम!

कोल्हापुरात फुटबॉल खेळणारे संघ तालीम मंडळंच आहेत : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. कुस्तीच्या हौद्याभोवती जमलेल्या पेठेतल्या पोरांनी चेंडू घेतला आणि नाव तेच राहिलं. तिथे ‘प्रॅक्टिस क्लब’ नावाचाही संघ आहे, म्हणजे इद्मानचं शब्दशः भाषांतर आधीच शाहू स्टेडियमवर खेळून झालंय. तुर्कीतही ही नावं फुटबॉलच्या आधीच्या व्यायाममंडळांची आठवण आहेत. ट्राबझोनस्पोर 1967 ला ज्या क्लबांतून उभा राहिला त्यांत इद्मानोजाई आणि इद्मानग्युज्यू होते. ओजाक म्हणजे चूल, ग्युच म्हणजे बळ. ‘इद्मानोजाई’ला ‘तालीम’ आणि ‘इद्मानग्युज्यू’ला ‘बलभीम’ म्हणायचा मोह होतो, पण भाषांतरात आवरा.

आणखी एक सापळा : तुर्कीत ‘तालिम’ हा शब्दही आहे, पण तो लष्करी कवायतीसाठी. खेळाच्या सरावाला आज ‘आंत्रेन्मान’ म्हणतात, फ्रेंचवरून. तेव्हा मूळ मजकुरात ‘तालिम’ दिसला तर तालीम लिहू नका.

बाकीच्या चौघांचे अर्थ : आकिन म्हणजे धाड, मुसंडी. फुटबॉलमध्येही प्रतिस्पर्ध्याच्या गोलवर चढून जाण्याला आकिनच म्हणतात. कबड्डीतली ‘चढाई’ जवळची. चेलिक पोलाद, पिनार झरा, इस्तिक्लाल स्वातंत्र्य. आजार म्हणजे चपळ, धडाडीचा. हा एक शब्द देवनागरीत आला की थेट दवाखान्यात जातो, म्हणून त्याचा अर्थ तळटीपेत नाही, ओळीतच द्या.

मैदानी

पाच क्लब एकत्र का आले हेही लिहा, नाहीतर ते आपोआप झाल्यासारखं वाटेल. 1963-64 पासून तुर्की फुटबॉल फेडरेशनने दुसऱ्या पातळीची देशव्यापी व्यावसायिक लीग सुरू केली. तीत गल्लीगल्लीतले हौशी संघ नकोत, शहराने आपले क्लब एकत्र करून एकच व्यावसायिक संघ पाठवावा, असं धोरण होतं. त्यातूनच शहराचं नाव अधिक ‘स्पोर’ हा साचा तुर्कस्तानभर पसरला : एस्किशेहिरस्पोर आणि सामसुनस्पोर 1965, कायसेरीस्पोर 1966, सिवासस्पोर आणि ट्राबझोनस्पोर 1967. नावाला ‘स्पोर’ लागलेलं दिसलं की स्थापनेचं साल बघा, बहुतेक याच चार-पाच वर्षांत सापडेल. अपवाद आहेत, आदानास्पोर 1954 चा आहे.

म्हणून ‘स्पोर’ तोडू नका. ‘बुर्सा जिंकला’ हे मथळ्यात चालेल, मजकुरात ‘बुर्सास्पोर जिंकला’. ‘बुर्सा स्पोर्ट्स’ तर मुळीच नको, खेळाच्या सामानाचं दुकान वाटतं. प्रत्यय सरळ लावा : बुर्सास्पोरचा, बुर्सास्पोरने. एस्किशेहिरमधला ‘शेहिर’ मात्र आपलंच शहर, एस्की म्हणजे जुनं.

अनुवादिनी

2009-10 च्या परिच्छेदात ‘ह्युक्मेन’, ‘हाकेम’, ‘बेराबेर्लिक’, ‘मिसाफिर’ एकामागोमाग आलेत. हुकूम, हकीम, बरोबरी, मुसाफिर?

फारसीकोश

एक बरोबर, तीन चूक. बरोबर आहे ती बरोबरीच.

बेराबेर हा फारसी ‘बराबर’. तुर्कीत त्याचे दोन अर्थ, ‘सारखा’ आणि ‘सोबत’. मराठीत ‘बरोबर’ही ‘माझ्याबरोबर ये’ आणि ‘बरोबरीत सुटला’ अशा दोन्ही जागी चालतं. क्वचितच एखादा उसना शब्द दोन भाषांत असा समांतर राहतो. बेराबेर्लिक म्हणजे अनिर्णित नव्हे, ‘बरोबरी’च लिहा.

मिसाफिर तुर्कीत पाहुणा, प्रवासी नव्हे. मिसाफिर संघ म्हणजे पाहुणा संघ. त्याच्या समोरचा ‘एव साहिबी’, शब्दशः घराचा साहेब, म्हणजे यजमान. यजमान आणि पाहुणे ही जोडी आपल्या क्रीडापानांवर रुळलेली आहे, तीच ठेवा.

हाकेमचा हकिमाशी फक्त धातूचा संबंध. ह-क-म या अरबी धातूतून हुकूम, हाकीम, हकीम सगळे आले. हाकेम म्हणजे दोघांच्या वादात निवाडा करणारा. लवादातल्या मध्यस्थालाही तुर्कीत हाकेमच म्हणतात. आपला ‘पंच’ही गावच्या तंट्यातून मैदानावर आला, म्हणून तो नेमका बसतो. ‘रेफ्री’ची गरज नाही.

ह्युक्मेन जपून. ह्युक्युम म्हणजे निवाडा. ह्युक्मेन गालिप : मैदानावर न खेळता, निर्णयाने विजयी, निकाल 3-0. ‘हुकमाने जिंकला’ लिहिलंत तर वाचक पत्ते पिसायला घेतील. ‘निर्णयाने 3-0 विजय बहाल’.

मैदानी

त्या हंगामात हा शब्द का येतो ते सांगतो. आंकारास्पोर आणि आंकाराग्युज्यू या दोन क्लबांच्या व्यवस्थापनात लागेबांधे आहेत म्हणून फेडरेशनने हंगाम सुरू झाल्यावर आंकारास्पोरला बाहेर काढलं आणि त्याच्या सामन्यांत समोरच्याला 3-0 दिलं. त्यामुळे तक्त्यात प्रत्येकाचे 34 सामने दिसतात, पण सगळे प्रत्यक्ष खेळले गेलेले नाहीत. गोलसंख्येवरून सरासरी काढायला गेलात तर इथेच फसाल.

शेवटची फेरी 16 मे 2010. आधी फेनेरबाह्चे 73 गुण, बुर्सास्पोर 72. बुर्सात बुर्सास्पोरने बेशिक्ताशला 2-1 हरवलं : 75. काडिकोयमध्ये फेनेरबाह्चे आणि ट्राबझोनस्पोर 1-1 : 74. पण तिथल्या स्टेडियममध्ये बुर्साचा सामना 2-2 झाल्याची चुकीची घोषणा झाली. तसं खरंच असतं तर बुर्सास्पोर 73 वर थांबला असता आणि फेनेरबाह्चे 74 वर विजेता ठरला असता. लोक मैदानात उतरून नाचले, मग कळलं. म्हणून त्या परिच्छेदात बेराबेर्लिक दोनदा येतो, एकदा खरा, एकदा खोटा. भाषांतरात दोन्हीकडे ‘बरोबरी’ हाच शब्द ठेवा, तरच गोंधळाचं कारण वाचकाला दिसेल.

बुर्सास्पोरची आकडेवारी 23 विजय, 6 बरोबऱ्या, 5 पराभव. 23 गुणिले 3 अधिक 6, 75. हा हिशेब 1987-88 पासूनच्याच हंगामांना लावा. त्याआधी विजयाला 2 गुण होते. ट्राबझोनच्या पहिल्या सहा विजेतेपदांचे तक्ते 3 ने गुणून पडताळणारे बरेच भेटतात.

प्रशिक्षक एर्तुरुल सालाम. मधला ग उच्चारात नसतो, ‘साग्लाम’ लिहू नका. आडनावाचा अर्थ भक्कम, धडधाकट. तुर्की मथळेवाले त्यावर कोटी करणारच. मजकुरात ‘एर्तुरुल होजा’ असेल. होजा म्हणजे ख्वाजा. शिक्षक, मौलवी आणि प्रशिक्षक तिघांनाही तीच हाक. मराठीत ‘सर’. आचरेकर सर म्हणताना शाळा आणि मैदान वेगळं राहत नाही, तसंच ते.

तालीमवाला

विजेतेपदानंतरचा भाग लवकर उरकतो : चॅम्पियन्स लीगच्या गटात मँचेस्टर युनायटेड, व्हॅलेन्सिया, रेंजर्स, 6 सामन्यांत एक बरोबरी, पाच पराभव. शब्द रंजक आहेत ते उताराचे. ‘क्यूमे द्युश्मेक’ : क्यूमे म्हणजे पुंजका, गट, द्युश्मेक म्हणजे पडणे. बुर्सास्पोर 2004 ला पडला, 2006 ला परतला, मग 2019, 2022 आणि 2024 ला पडत चौथ्या पातळीवर गेला आणि 2025 ला एक पायरी वर आला. ‘हकालपट्टी’ नको, ती शिक्षा वाटते. ‘खालच्या श्रेणीत घसरला’ पुरे.

तिथेच ‘ताह्ता’ येईल. आपला तख्ता, तक्ता. ‘ट्रान्सफर ताह्तासी कापाली’ म्हणजे खेळाडूनोंदणीचा फळा बंद : जुन्या खेळाडूंची वा क्लबांची देणी थकली की नवे खेळाडू नोंदवता येत नाहीत. देणी फिटली किंवा तडजोड झाली की ताह्ता ‘उघडतो’. तोवर हातात आहेत ते खेळाडू आणि युवा संघातली मुलं. ‘नोंदणीबंदी’ लिहा, ‘तक्ता बंद’ कुणाला कळायचं नाही.

अनुवादिनी

चाहत्यांसाठी ‘ताराफ्तार’ आहे. तरफदार?

फारसीकोश

शब्द तोच. पण मराठीत तरफदारी म्हणजे पक्षपात, तिच्यावर बोट ठेवलं जातं. तुर्कीत ताराफ्तार असणं ही उघड, मानाची गोष्ट. ‘समर्थक’ घ्या. त्यांच्या घोषणेत मगर असेल, तुर्कीत ‘तिम्साह’. 1990 च्या दशकात बुर्सास्पोरचे खेळाडू गोल झाल्यावर जमिनीवर ओळीने आडवे होऊन मगरीसारखे सरपटत, त्यावरून ‘हिरव्या मगरी’. 2015 ला उघडलेलं स्टेडियमही मगरीच्या आकाराचं.

मोडीवाचक

मला यात सगळ्यात आवडलेला शब्द अजून कुणी काढला नाही. तुर्कीत चेंडू म्हणजे ‘टोप’. तोफेलाही ‘टोप’. आपली तोफ तिथूनच आली. आणि ‘-ची’ हा प्रत्यय तुर्कीच : तोपची, मशालची. त्यांच्या बोलीत फुटबॉलपटूला ‘टोप्चू’ म्हणतात. गोल म्हणजे ‘काले’, अरबी कलआ, किल्ला. गोलरक्षक ‘कालेजी’, म्हणजे किल्लेदार. समोर तोपची, मागे किल्लेदार, आणि बाहेरून आलेला पाहुणा वेढा घालून बसलेला.

अनुवादिनी

‘गोलरक्षक’च लिहीन, पण चौकटीत हे देते. स्थापनेचं वाक्य असं केलंय : ‘1 जून 1963 रोजी बुर्सातल्या पाच हौशी क्लबांनी मिळून बुर्सास्पोर स्थापला आणि 1967 ला क्लबने इतिहासात प्रथमच सुपर लिग गाठली.’ मूळ तुर्कीत ‘तारिह’ दोनदा आहे, एकदा रोजी, एकदा इतिहास.

मैदानी

तारिह बरोबर उलगडलात. ‘सुपर लिग’ मात्र काढा, ते नाव 2001 चं. 1967 ला सर्वोच्च पातळीचं नाव ‘1. लिग’ होतं. तेच नाव आज दुसऱ्या पातळीला आहे, म्हणून नुसतं ‘1. लिग’ही नको. ‘तेव्हाची सर्वोच्च लीग’ लिहा.