मदत हवी आहे: लातूरला संध्याकाळी थोडा वेळ बसायला जागा

बारावी_बॅच:
लातूरला हॉस्टेलवर आहे. फेब्रुवारीत बोर्ड, मेमध्ये नीट. मागच्या टेस्टला ४१० होते, या वेळी ३५२. बॅच खाली गेली. पुस्तक उघडलं की डोक्यात काहीच शिरना. घरी दिवे लागले की आजीजवळ बसून म्हणायचो, तेवढ्यानं बरं वाटायचं. इथं ते सुटलं. रूमवर चौघं आहोत, जमत नाही. बाहेर कुठं पंधरा-वीस मिनिटं बसून म्हणता येईल? लवकर सांगा. अभ्यासाच्या टिप्स नकोत.

टाळकरी:
बाळा, हरिपाठासारखा आधार नाही. सिद्धेश्वराच्या देवळात जा, लातूरचं ग्रामदैवत आहे. फक्त सोमवार टाळ, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत तर जाऊच नको. आम्ही नर्सीकडचे, नामदेवरायांच्या गावाजवळचे. माझ्या पोरानं बारावीत एक दिवस हरिपाठ चुकवला नाही, आज सरकारी नोकरीत आहे.

गोलाईकर:
सिद्धेश्वर लांब पडेल. गोलाईतलं जगदंबेचं देऊळ बघ.

तर्कट:
सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात तिथं पोरगं शांत बसणार? धन्य आहे. आणि देवाला मध्ये कशाला आणता? नीटला एक उत्तर चुकलं की चार जातात आणि वर एक वजा होतो. ५८ मार्क म्हणजे बाराएक प्रश्नांचा खेळ. फिजिक्समध्ये गेले का? तुक्के मारणं बंद कर.

बारावी_बॅच:
टिप्स नकोत असं लिहिलंय वर.

जुना_रिपीटर:
अरे, निम्मं तर तू सांगितलंच नाहीस. हॉस्टेल कोणत्या भागात? सोडतात किती ते किती? जेवण जातं का, झोप लागते का? आणि "म्हणायचो" म्हणजे काय म्हणायचास?

बारावी_बॅच:
वंदना. त्रिसरण, पंचशील, मग बुद्धवंदना. आजी पुढं म्हणते, आम्ही मागून. मला वाटलं कळलं असेल. काका, हरिपाठाला नाव ठेवत नाही, पण मला येत नाही तो. साडेपाच ते साडेसहा सोडतात. झोप लागते, पण रात्री तीनला जाग येते आणि मग छातीत धडधडतं.

टाळकरी:
मग आधी सांगायचं ना! बरं, तरी देऊळ सगळ्यांचंच असतं.

तर्कट:
सगळ्यांचं कधीपासून झालं, काका? आमच्या गावात या तर एकदा.

टाळकरी:
तुम्हाला प्रत्येक ठिकाणी तेच दिसतं. पंढरीच्या वाटेवर कोण कुणाची जात विचारतं?

तर्कट:
वाटेवर नाही विचारत, गावात परतल्यावर विचारतात. वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

श्वासावर_लक्ष:
एकच उपाय, विपश्यना. इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर कर. पूर्ण मौन, मोबाइल जमा, पहाटे चारला घंटा. माझी अॅसिडिटीसुद्धा गेली. फी नसते, दानावर चालतं.

जुना_रिपीटर:
आणि पूर्वपरीक्षा तुम्ही देणार का? दहा दिवस बुडवले तर तिकडून येईपर्यंत आणखी एक बॅच खाली.

@बारावी_बॅच, तीनला जाग आणि धडधड हे रोजचं असेल तर वंदना कर, पण १४४१६ लाही फोन लाव. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. मी माझ्या वेळी कुणालाच बोललो नव्हतो. घरी सांगितलंस का?

बारावी_बॅच:
नाही. बाबांनी फीसाठी बैलजोडी विकली, त्यांना काय सांगू.

बालाघाटी_ताई:
आजीला सांग. बाबांना कसं सांगायचं ते ती बघेल.

आता जागेचं. वस्तीतल्या बऱ्याच विहारांना आठवडाभर कुलूप असतं, म्हणून तुला वाटत असेल की कुठं सोयच नाही. किल्ली शेजारच्याच एखाद्या घरात खिळ्याला टांगलेली असते. रविवारी सामुदायिक वंदनेला जा, संपल्यावर तिथल्या बायांना सांग की हॉस्टेलवर राहतो, रोज यायचंय. नाही म्हणणार नाहीत, उलट जेवलास का विचारतील. मेणबत्ती आपली ने, आणि निघताना झाडून घेत जा. माझ्या भावाची दोन वर्षं अशीच निघाली, नांदेडला.

तर्कट:
एवढा खटाटोप कशाला? रूमवरच मनातल्या मनात म्हण.

बारावी_बॅच:
मनातल्या मनात म्हटलं की "बुद्धं सरणं"च्या पुढं ऑरगॅनिकच्या रिअॅक्शन सुरू होतात. आवाज निघाला पाहिजे. रूमवर मोठ्यानं म्हटलं तर एक जण नक्कल करतो.

ताई, रविवारी सकाळी टेस्ट असते. वंदना संध्याकाळी असते का?

बालाघाटी_ताई:
काही ठिकाणी सकाळी, काही ठिकाणी संध्याकाळी. भाग सांगशील तर विचारून देते. आणि नक्कल करणाऱ्याला एकदा समोर बसवून विचार, त्याच्या घरी दिवा लावतात की नाही.

जुना_रिपीटर:
भाग कधीचा विचारतोय मी!

बारावी_बॅच:
औसा रोडकडं. चालत जाता आलं पाहिजे, सायकल नाही.

बालाघाटी_ताई:
थांब, माझी मावसबहीण तिकडंच राहते. रात्री विचारते.

गोलाईकर:
औसा रोडला मेसचे काय दर आहेत सध्या? भाचा यंदा अकरावीला येतोय. दोन वेळचा डबा, भाकरी असेल तर उत्तम.