पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली स्टँडर्ड हेराल्ड दसऱ्याआधी बाहेर काढायची आहे

प्रश्न : पांदणवाट (आर्वी तालुका)

राजेहो, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, ९४८ सीसीची. मृग लागला तेव्हा शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये लावली, ती अजून जागची हललेली नाही. हँडब्रेक ओढलेलाच राहिला. टाकीत निम्मं पेट्रोल तसंच आहे. बॅटरी काढून घरी आणली होती, ती आज मीटरवर १२.१ दाखवते. बाजूला मागच्या सालचं कुटार (भुसा) आणि खताची पोती आहेत. दसऱ्याला पूजा करून गावाबाहेर एक चक्कर मारायची आहे. सेल मारण्याआधी काय काय बघावं आणि कोणत्या क्रमानं? चाक जाम असेल तर ट्रॅक्टरनं ओढलं तर चालेल का?

उत्तर : पॉइंट_प्लग

ट्रॅक्टर अजिबात लावू नका. जाम ब्रेक ड्रमसकट ओढलं तर लायनर (घासून ब्रेक लावणारा थर) शूवरून सुटून ड्रममध्येच अडकतो.

आधी जनावराचं बघा. कुटार म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हणजे घोणस किंवा मण्यार. हेराल्डचं बॉनेट फेंडरसकट पुढच्या बाजूला उलटतं, म्हणून आतलं सगळं उजेडात येतं. बॉनेट उघडून दोन पावलं मागं सरा, लांब काठीनं चाकाच्या खोबणी आणि बॅटरीची जागा हलवून बघा. सीटखाली, डिकीतल्या स्टेपनीमागं टॉर्च मारल्याशिवाय हात घालायचा नाही. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा.

मग उंदरांनी काय कुरतडलं ते बघा. वायरिंगचा कापडी वेष्टनाचा भाग, फॅन बेल्ट, पेट्रोलचा रबरी पाइप. एअर फिल्टर उघडा, त्यात घरटं असतंच. सायलेन्सरच्या टोकात आणि टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. हवेची नळी बुजली की गाडी दहा-पंधरा मिनिटं चालते आणि टाकीत पोकळी तयार होऊन बंद पडते. लोक मग कार्ब्युरेटर खोलत बसतात. नळीत बारीक तार घालून फुंकून घ्या.

इंजिनाला घाई नको. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावा आणि हातानं दोन पूर्ण फेरे द्या. कुठं अडलं तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडून एक दिवस थांबा. पिस्टनच्या रिंगांना धरलेला बारीक गंज जोरानं सुटत नाही, सिलिंडरची भिंत ओरबाडतो.

सम्पमधलं (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातलं) जुनं ऑइल काढून २०डब्ल्यू-५० मिनरल भरा, साधारण ४ लिटर, शेवटचं माप डिपस्टिकवर. जुनं ऑइल दुधाळ निघालं तर पाणी गेलेलं आहे, आधी हेड गॅस्केट तपासा. प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची वायर काढून, १० सेकंद सेल मारा आणि अर्धा मिनिट थांबा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत असं तीन-चार वेळा. प्लग नसल्यानं बेअरिंगवर दाब येत नाही आणि ऑइल वरपर्यंत पोचतं.

बॅटरी १२.१ म्हणजे निम्म्याहून जास्त उतरलेली. डिस्टिल्ड वॉटर बघून सावकाश चार्ज करा: ३५ एएच (अँपिअर-तास) असेल तर साडेतीन अँपिअरवर. भरून, काही तास ठेवल्यावर १२.६ यायला हवेत. लावताना अर्थ कोणत्या टोकाला आहे ते खात्रीनं बघा, जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा.

दमट हवेनं डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर पांढुरका थर बसतो आणि स्पार्क येत नाही. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा, मग स्वच्छ कोरा कागद ओढा. पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, प्लगचा ०.०२५. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

उत्तर : काळी_माती

पेट्रोलचं राहिलं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. निम्मी रिकामी टाकी आणि चार महिन्यांची दमट हवा, म्हणजे तळाला पाणी-इथेनॉलचा थर बसण्याची पूर्ण शक्यता. टाकीतलं थोडं पेट्रोल तळातून पारदर्शक बाटलीत काढा आणि तासभर हलवू नका. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करा. वर ताजं पेट्रोल ओतून काम भागत नाही, खालचा थरच आधी कार्ब्युरेटरला जातो.

कार्ब्युरेटरचा फ्लोट बोल (पेट्रोल साठणारी वाटी) उघडून धुऊन घ्या. रबरी पाइप काळा, चिकट किंवा फुगलेला असेल तर जे३० आर९ छापलेला नवा पाइप टाका. मेकॅनिकल पेट्रोल पंपाच्या खालच्या हातपंपाच्या दांड्यानं बोल भरून घ्या म्हणजे बॅटरी वाचते. तो दांडा ढिला लागला तर पंप खराब समजू नका: पंपाला ढकलणारा कॅम वर अडकलेला असतो, इंजिन एक फेरा फिरवा की दांड्याला जोर येतो.

उत्तर : ट्रनियन_तेल

इंजिनापेक्षा ब्रेकवर जास्त वेळ द्या. या गाडीचं ब्रेक सर्किट एकच आहे. एका व्हील सिलिंडरनं (चाकात शू ढकलणारा छोटा सिलिंडर) ऑइल सोडलं की चारही चाकांचा ब्रेक गेला.

जाम चाक असं सोडवा: हँडब्रेकची केबल ढिली करा, मागचं चाक जॅकवर घ्या आणि खाली स्टँड लावा. शूचं अंतर ठरवणारा ॲडजस्टर पूर्ण मागं घ्या. ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा धरून सगळीकडून हळूहळू ठोका. ड्रम निघाल्यावर व्हील सिलिंडरच्या रबरी बुटाची कड उचला. आत ओल दिसली तर किट बदला. रबर पेट्रोलनं किंवा डिझेलनं पुसू नका, फुगतं. ताजं ब्रेक ऑइल लावून बसवा.

ब्रेक ऑइलही पाणी ओढतं, म्हणून सगळं बदला. डॉट ३ किंवा ४ चालेल, डॉट ५ नको. हवा काढताना लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. शेवटी पॅडल एक मिनिट दाबून धरा. सावकाश खाली जात असेल आणि बाहेर कुठं गळती नसेल तर मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलं.

आता या गाडीचं खास दुखणं. पुढच्या चाकाखाली पितळी ट्रनियन (चाक वळवणारा खालचा सांधा) असतं, त्यात चाक धरणाऱ्या उभ्या लिंकचे आटे फिरतात. हेराल्ड, स्पिटफायर, व्हिटेस, जीटी ६ या सगळ्या ट्रायम्फमध्ये हीच रचना; आपली स्टँडर्ड हेराल्ड मुळात ट्रायम्फचीच. तिथं ग्रीस भरणं चूक आहे. ग्रीस वाळून कडक होतं, आट्यांपर्यंत पोचत नाही. मग पाणी आट्यांत बसतं, लिंक मुळाशी गंजते आणि एक दिवस वळणावर तुटून चाक आडवं होतं. तिथं ईपी ९० गिअर ऑइलच हवं. चाक जॅकवर घेऊन ऑइल गननं इतकं भरा की वरून ताजं ऑइल बाहेर येईल, मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवा. फिरवताना खरखर लागली तर लिंक बाहेर काढून आटे बघितल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

पांदणवाट

ट्रनियनमध्ये आजवर ग्रीसच भरलं जात होतं. ते काढायचं कसं? आणि क्लच दाबूनही गिअर पडत नाही.

उत्तर : ट्रनियन_तेल

लिंक खोलून रॉकेलमध्ये धुवा, दुसरा खात्रीचा मार्ग नाही. आट्यांवर खड्डे असतील तर नवी लिंक घ्या. उजवी-डावीचे आटे उलटे असतात, अदलाबदल करू नका.

क्लच हायड्रॉलिक आहे, आधी त्याचं ऑइल आणि स्लेव्ह सिलिंडर (क्लच ढकलणारा सिलिंडर) बघा. ते ठीक असेल तर प्लेट फ्लायव्हीलला गंजानं चिकटली आहे. ब्रेकचं काम झाल्यावरच हे करा: इंजिन गरम करून बंद करा, मोकळ्या वावरात तोंड करून गाडी टॉप गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण दाबा आणि सेल मारा. गाडी चालू लागली की क्लच दाबलेलाच ठेवून ब्रेक जोरात मारा. दोन-तीन झटक्यांत सुटते. समोर माणूस, बैल, विहीर काही नको.

उत्तर : काळी_माती

ती खताची पोती आजच हलवा. पोटॅशमधलं क्लोराइड ओल्या पत्र्याला झपाट्यानं खातं. युरिया ओला झाला की अमोनिया सुटतो, गोठ्यातही तेच, आणि अमोनिया तांब्या-पितळेला भेगा पाडतो. ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना भारतात पावसाळ्यात अशाच भेगा पडायच्या, तबेल्याजवळच्या अमोनियामुळे. त्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. तुमच्या रेडिएटरचा गाभा त्याच धातूंचा आहे. रेडिएटरच्या टाक्यांच्या सांध्यांवर हिरवट पूड दिसते का बघा, आणि निम्मं कूलंट-निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरा. आपल्याकडे बर्फ नाही पडत, पण कूलंट गंजासाठी लागतं.

चॅसिसच्या आडव्या फांद्या आणि फ्लोअरच्या कडा स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. काळी माती चिकटून राहिली की ओल सोडत नाही.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी भेगा असतील तर बदला. विमा आणि पीयूसीच्या तारखाही बघून घ्या.

पहिली चक्कर ५ किलोमीटरची, गावाच्या रस्त्यावर, हायवेला नाही. थांबल्यावर चारही ड्रमजवळ हात धरा. एक बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल तर तिथं शू अजून सुटलेला नाही, पुन्हा खोला.