मदत हवी आहे: उजव्याच बाजूला कंबर, खुबा, जांघ दुखतंय

नमस्कार, मी सोलापूरची, वय ३८, युनिफॉर्म शिवायचं काम, दिवसभर मशीनवर. आठ महिने झाले, उजव्याच बाजूला कंबरेखाली जिथं खळी पडते ना तिथं ठणका सुरू होतो, मग खुब्यात आणि पुढं जांघेत उतरतो, बसून उठलं की पहिली चार पावलं भिंत धरूनच टाकते. यंदा गड्ड्याच्या जत्रेला लेकराला घेऊन फिरता पण आलं नाही, फार वाईट वाटलं. एमआरआयमध्ये मणक्याच्या गाद्या ठीक आहेत, पण डॉक्टरांनी पाय मुडपून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला आणि खाली दाबला तर मागून अशी कळ आली की ओरडलेच, एसआय जॉइंटचा, म्हणजे मणक्याचा खालचा भाग आणि कंबरेचं हाड जुळतं त्या सांध्याचा त्रास म्हणाले. गोळी आहे तोवर बरं. फिजिओनं कुणाला फरक पडला का, किती दिवसांत? आणि एचएलए बी२७ ही मणक्याच्या संधिवातासाठीची रक्ततपासणी कुणाकुणाला सांगितली होती? सकाळी तासभर अंग आखडलेलं असतं म्हणून विचारते, प्लीज सांगा.