घरातलं मोठं झाड: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
आज सकाळी रबराच्या झाडाला नवीन पान आलं. लालसर टोपण गळून फरशीवर पडलं होतं आणि पान अजून अर्धं गुंडाळलेलं, तांबूस, चकचकीत. ते टोपण हातात घेतलं आणि भुसावळचं रेल्वे क्वार्टर आठवलं. व्हरांड्यात तेलाच्या पत्र्याच्या डब्यात असंच झाड होतं. आम्ही भावंडं ही टोपणं बोटांत घालून लांब नखं म्हणून मिरवायचो. बाबा रविवारी जुन्या बनियनच्या ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचे, खालून तळहाताचा आधार देऊन.

माझं झाड आता छताला टेकायला आलंय, मुंबईतल्या फ्लॅटमध्ये. लोक विचारतात काय घालतेस? खत नंतर हो, आधी उजेड. दुकानात सांगतात "इनडोअर आहे, कुठेही ठेवा". कुठेही नाही. दिवसा दिवा न लावता आरामात पेपर वाचता येईल अशा जागी, खिडकीपासून दोन-तीन फुटांत. आमची खिडकी दक्षिणेची. हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं, जून-जुलैत सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कलतो आणि वर ढग. मग झाड पूर्वेच्या खिडकीत जातं. कुंडीखाली चाकांचा स्टँड आहे, त्यामुळे एकटीला सरकवता येतं.
पाणी वार ठरवून घालत नाही. बोटाची दोन पेरं मातीत घालायची, कोरडं लागलं तरच. पावसाळ्यात माती सुकतच नाही, खालची पानं पिवळी होऊन गळायला लागली की समजायचं मुळं गुदमरतायत.
तुमच्याकडची झाडं कशी आहेत? लिहा.

शेवंती
किती छान लिहिलंस. बनियनचं फडकं 😍 आमच्याकडेही तेच असायचं, सायकल पुसायला.

घाटमाथा
रबराचं झाड म्हणजे आपल्या ईशान्येकडचं. मेघालयात नोंग्रियाटला जो दुमजली जिवंत पूल आहे तो याच झाडाच्या मुळांचा. खासी लोक ओढ्यापलीकडे मुळं वळवत नेतात, पूल भार घेईपर्यंत कित्येक वर्षं जातात. उतरायला जवळजवळ तीन हजार पायऱ्या, गुडघे सांभाळून जा. आणि टायरचं रबर यातून येत नाही, ते केरळात लावतात ते वेगळं, मूळ ॲमेझॉनचं झाड.

नागपुरी_वारा
आमच्या इकडे मे महिन्यात काय उजेड न काय सावली, सगळंच भट्टी. माझा अरेका पाम कूलरच्या खोलीत एकदम मजेत असतो, दमट हवा मिळते त्याला. एसीच्या खोलीत ठेवला की टोकं तपकिरी. बोअरचं पाणी पण सोसत नाही त्याला, क्षार साचतात, कुंडीच्या काठावर पांढरं दिसते ना तेच. मी पावसाचं पाणी ड्रमात धरून ठेवतो. ते नसेल तर महिन्यातून एकदा कुंडी न्हाणीत नेऊन भरपूर पाणी वरून सोडायचं, खालून पूर्ण निथळू द्यायचं.

मोगरा७२
चहाचा चोथा घातला तर चालतो का?

तिखटमीठ
@मोगरा७२ दूधसाखरेचा असेल तर नको, मुंग्या येतात. घरातल्या कुंडीत ओला कचरा नकोच, चिलटं होतात. गांडूळखत मूठभर, ते पण झाड वाढत असतं तेव्हाच, साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर. थंडीत काही नाही.

पाणकणीस
आम्ही न्यू जर्सीत. इथे हिवाळ्यात हीटरमुळे हवा इतकी कोरडी की मॉन्स्टेराची पानं कडेनं करकरीत होतात, आणि दिवस साडेचारला संपतो. दक्षिणेच्या खिडकीत ठेवते, वर एक ग्रो लाइट (झाडांसाठीचा दिवा) टायमरवर. पाणी फार क्वचित. मे मध्ये रात्री उबदार झाल्या की बाहेर पोर्चमध्ये, पण आधी सावलीत, एकदम उन्हात नेलं की पानं भाजतात. मॉन्स्टेराच्या पानांना त्यांची नेहमीची भोकं पडत नाहीत म्हणून विचारणाऱ्यांसाठी: उजेड वाढवा आणि काठीला नारळाचा काथ्या गुंडाळून खोडाला आधार द्या. हवेतली मुळं त्यात शिरली की पुढची पानं मोठी येतात. आई म्हणते "सुपाएवढी झाली गं".

शेवंती
@पाणकणीस आई तिकडे आहेत? कधीपर्यंत?

पाणकणीस
गणपतीपर्यंत :)

कडेपठार
घर बदलताना सामान नेणाऱ्यांनी माझं फिडल लीफ (व्हायोलिनसारख्या मोठ्या पानांचं झाड) टेम्पोत आडवं टाकलं. बाबांनी निवृत्त झाल्यावर आणलेलं झाड. शेंडा मोडला. खूप रडले.

रानजाई
अगं 😞 खोड हिरवं आहे ना? नखानं हलकं खरवडून बघ. हिरवं असेल तर मोडलेल्या जागेखालून डोळे फुटतील. भरपूर उजेडात ठेव, पाणी बेतानं, आणि जागा सारखी बदलू नकोस, त्याला ते अजिबात खपत नाही.

कडेपठार
हिरवं आहे!! आत्ताच बघितलं.

घाटमाथा
वा!

आबा_कोल्हापूर
उंच वाढून खालून बोडकं झालेल्या रबराला गुटी कलम बांधा. जून लागला की करायचं. खोडाची इंचभर साल गोल काढायची, चीक गळतो तो ओल्या फडक्यानं पुसायचा (हातात मोजे घाला, खाज सुटते, कपड्यावर डाग जात नाही). त्यावर भिजवून पिळलेलं शेवाळ मूठभर, वरून प्लास्टिक, दोन्हीकडनं सुतळीनं घट्ट. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधनं पांढरी मुळं दिसायला लागतात. मग त्याच्या खालनं कापून नवी कुंडी. खालच्या खोडाला दोन-तीन फांद्या फुटतात, झाड भरदार होतंय. आमच्या गल्लीत चार घरांत एकाच झाडाची पोरं आहेत.

मोगरा७२
मला पांढरं कापसासारखं काहीतरी दिसतंय पानाच्या देठाशी

तिखटमीठ
पिठ्या ढेकूण. आजच कुंडी वेगळी काढ. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून एकेक टिपून घे, मग संध्याकाळी १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे थेंब हलवून फवार, पानांच्या खालूनसुद्धा. आठवड्यानं परत, कारण अंडी राहतात.

जाईजुई
ही झाडं हवा शुद्ध करतात म्हणून घेतली आम्ही, नासाचं संशोधन आहे ना

घाटमाथा
ते १९८९ चं, छोट्या बंद पेटीतलं. २०१९ च्या आढाव्यात हिशोब मांडलाय, खिडकी उघडल्याइतका परिणाम हवा तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. झाडं जरूर ठेवा, त्यांच्याकडे बघून बरं वाटतं म्हणून ठेवा. हवेसाठी खिडकी.

जाईजुई
अच्छा. माझं मांजर मॉन्स्टेराची पानं चावतं, चालेल का?

पाणकणीस
नाही!! तोंडात आग होते, लाळ गळते, उलट्या होतात. उंचावर ठेव. अरेका घे, तो मांजराला चालतो.

शेवंती
कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतायला विसरू नका बरं, डेंग्यूचे डास त्यातच होतात. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात महापालिकेची माणसं बॅटरी मारून बघून जातात.

मोगरा७२
स्पिरिट आणायला चाललेय. @आबा_कोल्हापूर गुटीचं एखादं रोप पुण्याला मिळेल का?

आबा_कोल्हापूर
जुलै-ऑगस्टात या ताई. धाकटा भाऊ पुण्यालाच असतो, त्याच्या हाती पण धाडीन. कुंडी मात्र भोकाची घेऊन ठेवा.