यहेज्केल २६: सोर पुन्हा बांधलं जाणार नाही, मग आजचं सूर कुठलं?

रविवारची_वही
सर्वांना सलाम. तरुण संघात बायबलमधलं यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक चालू आहे आणि शिकवायची पाळी माझी. २६वा अध्याय सोपा जाईल असं वाटलं होतं. सोर नगरीवर भाकीत, जाळी पसरायला उघडा खडक, वचन १४ मध्ये पुन्हा बांधली जाणार नाहीस, सगळं पूर्ण झालं, आमेन, चला घरी. तेवढ्यात अकरावीतल्या एका मुलीने मोबाईलवर नकाशा उघडून माझ्यासमोर धरला. लेबनॉनमधलं सूर. बंदर, रस्ते, शाळा, सगळं जागेवर. "दादा, हेच ना ते?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो. आता रविवार परवावर आलाय. कोणी नीट अभ्यास केला असेल तर मदत करा. "विश्वास ठेव" एवढंच उत्तर तिला पुरणार नाही, मलाही नाही.

पहाटप्रार्थना
बंधू, अवघड काही नाही. सोर दोन होती. एक किनाऱ्यावर, एक समोरच्या बेटावर. किनाऱ्यावरची बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्रेस्सरने पाडली. इ. स. पू. ३३२ मध्ये सिकंदराने तिचेच दगड, लाकूड, माती समुद्रात टाकून बेटापर्यंत रस्ता केला. वचन १२ शब्दशः पूर्ण. आजचं शहर त्या बेटाच्या जागेवर आहे, जुनी सोर नव्हे.

जुना_चष्मा
हेच उत्तर मी पंचवीस वर्षं दिलं. माझ्याकडे एका जुन्या पुस्तिकेतला फोटो होता: खडकावर वाळत घातलेली जाळी. तो वर्गात फिरवायचो आणि "तिथे आज कोणी राहत नाही" असं ठोकून द्यायचो. फोटो खरा असेल, पण छायाचित्रकाराने कॅमेरा जरा वळवला असता तर घरं दिसली असती, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दोन सोरांच्या उत्तरात अडचण ही की यहेज्केल ज्या सोरेबद्दल बोलतो ती समुद्राच्या मध्यभागी आहे. २६:५ वाचा, मग २७:४. म्हणजे बेटच. किनाऱ्यावरच्या वस्तीला ती वचनं लावून बेटाला सोडून द्यायचं, हे बरोबर नाही.

बेटाचं काय झालं? प्राचीन यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की नबुखद्रेस्सरने तेरा वर्षं वेढा दिला. शेवटी तडजोड झाली असावी, कारण सोरेत पुढेही राजे दिसतात. शहर लुटलं गेलं नाही. सिकंदराने सात महिन्यांत बेट घेतलं, हजारो लोक गुलाम म्हणून विकले. पण त्यानंतर वीस वर्षांच्या आत त्याचाच एक सेनापती अँटिगोनस याला त्याच सोरेला पुन्हा वेढा घालावा लागला, आणि तो सव्वा वर्ष चालला. ओसाड खडकाला कोण सव्वा वर्ष वेढा घालतं? प्रेषित पौलाचं जहाजही माल उतरवायला तिथेच लागलं, तो सात दिवस राहिला आणि निघताना बायकामुलांसकट सगळ्यांनी किनाऱ्यावर गुडघे टेकले (प्रेषितांची कृत्ये २१).

आता २९:१७ पासून उघडा. २६वा अध्याय बंदिवासाच्या अकराव्या वर्षाचा, हा सत्ताविसाव्या वर्षाचा. यहेज्केलच्या पुस्तकात तारीख असलेला सगळ्यात उशिराचा संदेश हाच. बाबेलच्या सैन्याने सोरेपुढे इतके कष्ट उपसले की प्रत्येकाच्या डोक्याचे केस गेले आणि खांदे सोलवटले. मातीच्या टोपल्या वाहणाऱ्या माणसाचंच हे वर्णन आहे. आणि पुढे सरळ लिहिलंय की राजाला किंवा सैन्याला सोरेकडून काहीच मजुरी मिळाली नाही, म्हणून देव त्यांना मिसर (इजिप्त) देतो.

म्हणजे लूट हाती लागली नाही हे टीकाकारांनी शोधून काढलेलं नाही. ते खुद्द संदेष्ट्यानेच लिहून ठेवलंय, आणि २६वा अध्याय खोडलेला नाही. सिकंदर दाखवून हा उतारा झाकायचा कशाला? मी तर वर्गात आधी २९ वाचून घेतो, मग २६.

हळूहळू_हिब्रू
चष्माकाका, मुद्दा पटला, पण पहाटप्रार्थनांना एकदम बाद करू नका. २६:३ मध्ये पुष्कळ राष्ट्रं येतात, लाटांमागून लाटा याव्यात तशी. वचन ८ ते ११ मध्ये "तो" आहे, म्हणजे नबुखद्रेस्सर, आणि १२ला मूळ हिब्रूत क्रियापदं एकदम अनेकवचनी होतात. नबुखद्रेस्सर ही पहिली लाट, एवढं म्हणायला जागा आहे. सिकंदराच्या बाजूने सीदोन आणि सायप्रसची जहाजं होती, हेही लक्षात घ्या.

आणखी एक. सोरेचं हिब्रू नाव "त्सोर", अर्थच खडक. तेव्हा "उघडा खडक करीन" म्हणजे तुला फक्त तुझं नाव उरेल, असा टोमणा आहे. जाळ्यांचा फोटो शोधत बसलो की हा टोमणा निसटतो.

जुना_चष्मा
त्सोर मान्य, सुरेख आहे. अनेकवचनाबद्दल मात्र: ते त्याचं सैन्यही असू शकतं. एका क्रियापदावर अख्खा सिकंदर लटकवू नका. आणि यशया २३ विसरलात. तिथे सत्तर वर्षांनी सोर पुन्हा व्यापाराला लागते आणि तिची कमाई परमेश्वराला अर्पण होते. एकाच नगरीबद्दल दोन संदेष्टे, दोन शेवट. दोन्ही एकाच ग्रंथात ठेवलेत.

रविवारची_वही
झाला वर्ग. आधी २९ वाचलं. सोललेल्या खांद्यांपाशी सगळे थांबले. नकाशावाली मुलगी म्हणाली, "मग मिसरात तरी मिळाली का मजुरी?" पुन्हा माझी पंचाईत.

हळूहळू_हिब्रू
तिला सांगा, बाबेलची लेख कोरलेली एक मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नबुखद्रेस्सरच्या ३७व्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ५६८-५६७ मध्ये, तो मिसरावर चालून गेला असं तिच्यावर आहे. मिसरी राजा अमासिसचं नावही अर्धवट दिसतं. पण पाटी फुटकी आहे. लढाईचा निकाल असायला हवा तो तुकडाच नाही.

रविवारची_वही
म्हणजे पुन्हा "पुढच्या रविवारी सांगतो".